यंदा ज्यांच्या घरचं कुणी गेलं

यंदा आमच्याकडे गणपती बसला नाही. आई फाल्गुनात गेली, आणि घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण करायचा नाही, ही आमच्या घरची रीत. दाराला तोरण नाही, पुरण नाही, कुणाकडे हळदीकुंकवाला जाणं नाही. चतुर्थीच्या सकाळी शेजारून झांजा ऐकू यायला लागल्या, तेव्हा मी आईचं कपाट आवरायला काढलं. अंगणातल्या तिच्या प्राजक्ताला मात्र सुतक नव्हतं. रोज पहाटे खाली सडा पडत होता. आई असती तर परडीभर फुलं वेचून दूर्वांशेजारी ठेवली असती. मी ती वेचलीही नाहीत आणि झाडलीही नाहीत.

त्याच आठवड्यात काठमांडूहून फोन आला. दिल्लीतल्या एका कार्यशाळेत ओळख झालेले तिथले एक निवृत्त शिक्षक. ते नेवार, म्हणजे काठमांडू खोऱ्याचे मूळ रहिवासी. मी त्यांना दाजु म्हणते. नेवारांच्या भाषेत थोरला भाऊ. ते मला बहिनी म्हणतात. नेपाळीत त्याचा अर्थ धाकटी बहीण, पण माझ्या कानाला ते दर वेळी वहिनी असंच ऐकू येतं. आई गेल्यामुळे यंदा सण नाही, असं मी सांगितलं. ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आमच्याकडे उलटं आहे बहिनी. ज्याचं कुणी गेलं, त्याने तर या सणाला यायचंच. तुम्ही इकडे या. आमची मोठी जत्रा अनंत चतुर्दशीलाच असते.’

त्या एका वाक्यासाठी मी गेले.

उतरले ती भाद्रपद शुद्ध द्वादशी होती. जत्रेचा पहिला दिवस तोच. बाहेरचं जग तिला इंद्रजात्रा म्हणतं; नेवार म्हणतात येँयाः. येँ म्हणजे काठमांडू, याः म्हणजे जत्रा. शहराची स्वतःची जत्रा, दहाव्या शतकात गुणकामदेव राजाने शहर वसवलं त्याची आठवण म्हणून सुरू झालेली, असं परंपरा मानते. आठ दिवस चालते. सकाळीच हनुमान ढोक्याच्या जुन्या राजवाड्यासमोर इंद्राचा उंच खांब उभा राहिला होता. शहराच्या पूर्वेला नाला नावाचं गाव आहे, तिथल्या रानातून देवदारासारखं सरळसोट झाड तोडतात, फांद्या आणि साल काढतात आणि दोरांनी टप्प्याटप्प्याने ओढत इथवर आणतात.

संध्याकाळी दाजुंच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होते. समोरून माणसांची एक रांग गेली. हातात पेटत्या उदबत्त्या, पणत्या. वाजंत्री नाही, घोषणा नाही. क्वचित कुणी भजन गुणगुणत होतं. वाटेत देऊळ आलं की पणती, चैत्य आला की पणती, मग पुढे. म्हातारी माणसं होती, जीन्समधली मुलं होती, एका बाईच्या कडेवर झोपलेलं मूल होतं. रांग संपेल म्हणून मी थांबले, ती संपेना. दाजु म्हणाले, ‘याला उपाकु वनेगु म्हणतात. जुन्या शहराच्या सीमेवरून चालायचं. वर्षभरात ज्यांच्या घरचं कुणी गेलंय, ते सगळे चालतात.’

म्हणजे जत्रेची सुरुवातच यांनी करायची. आमच्याकडे ज्यांनी दार लावून आत बसायचं, त्यांनीच.

मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जिच्यावर हे आठ दिवस उभे आहेत. इंद्राच्या आईला व्रतासाठी पारिजातकाची फुलं हवी होती. ती स्वर्गात मिळेनात. इंद्र साधा माणूस होऊन खाली या खोऱ्यात आला आणि एका बागेतून फुलं तोडताना मरुहिटी या पाणवठ्यापाशी लोकांच्या हाती लागला. लोकांनी त्याला चोर म्हणून दोराने बांधून ठेवलं. स्वर्गात आई वाट पाहून थकली आणि मुलाला शोधत स्वतः खाली आली. बांधून घातलेला चोर कोण आहे, हे तेव्हा लोकांना कळलं. ती म्हणाली, माझा मुलगा सोडा. त्या बदल्यात हिवाळ्यात पिकांवर धुकं आणि दव धरीन, आणि यंदा तुमच्यातली जी माणसं गेली, त्यांना माझ्याबरोबर स्वर्गात नेईन. लोकांनी इंद्राला सोडलं.

आपल्या पुराणात पारिजातकासाठी कृष्ण इंद्राशी भांडतो, तेही सत्यभामेच्या हट्टापायी. इथे इंद्रच फुलं चोरायला येतो, आणि येतो तो आईसाठी. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट इतक्या दूरच्या एका शहराने अशी फिरवून सांगावी, याने मी त्या रात्री बराच वेळ जागी राहिले.

शहरभर चौकाचौकांत या दिवसांत इंद्राच्या मूर्ती बाहेर काढतात. दोन्ही हात आडवे ताणलेले. पकडलेला इंद्र. पाऊस देणारा देव, आणि पाऊस सरायच्या दिवसांत तो बंदिवान. दाण्यात दूध भरत असताना शेतकऱ्याला आणखी पाऊस नको असतो, दव हवं असतं. गोष्टीच्या पोटात शेतीचं गणित असं बसलेलं आहे.

चतुर्दशीला पहाटे स्वयंभूच्या टेकडीवर गेलो. ३६५ पायऱ्या म्हणतात; शेवटच्या इतक्या खड्या की दाजु काठीवर भार देत चढत होते. वर माथ्याशी प्रताप मल्लाने बसवलेलं भलंमोठं वज्र, त्यामागे पांढरा घुमट आणि त्यावर चारी दिशांना बघणारे डोळे. सारं खोरं एकेकाळी तळं होतं आणि मंजुश्रीने तलवारीने चोभारचा डोंगर कापून पाणी वाहतं केलं, ही कथा इथे उभं राहून ऐकावी. खालचा धुक्याने भरलेला वाडगा बघितला की ती पटते. स्तूपाच्या पाठीशी हारतीचं छोटं देऊळ आहे, मुलांना देवीच्या रोगापासून राखणारी. बौद्ध स्तूपाच्या आवारात ही हारती बसलेली, आणि पूजेला रांग हिंदू-बौद्ध अशी दोन्ही. मी तिथे नमस्कार केला आणि आम्ही उतरलो, कारण शहर जागं व्हायच्या आत आसन गाठायचं होतं.

आसन ही काठमांडूची जुनी बाजारपेठ. सहा रस्ते येऊन मिळतात. तिबेटकडे जाणारा व्यापार शतकानुशतकं इथून गेला. अन्नपूर्णेच्या देवळात मूर्ती नाही, चांदीचा पूर्ण कलश आहे. समोर जमिनीवर बसलेल्या बायका झेंडू, मखमलीची फुलं आणि भाताच्या लोंब्या विकत होत्या. तिथून तिरक्या रस्त्याने इंद्रचोक. तिथल्या एका बोळात पोत्यांचा बाजार आहे. पोते म्हणजे बारीक काचमण्यांच्या माळा, नेपाळी सवाष्णीचं लेणं, आपल्या मंगळसूत्रासारखं. आणि हे मणी पिढ्यान्‌पिढ्या ओवून विकणारी दुकानं मुसलमानांची. मल्ल राजांच्या काळी काश्मीरहून आलेल्या व्यापाऱ्यांची ही परंपरा. सणाचे दिवस, तेव्हा दुकानांसमोर उभं राहायला जागा नव्हती.

चौकातच आकाशभैरवाचं देऊळ. एरवी वरच्या मजल्यावर असणारा मोठा निळा मुखवटा जत्रेत खाली आणून फुलांत बुडवून ठेवतात. नेवार याला आजु म्हणतात, म्हणजे आजोबा. हा यलंबर, किरात राजा. महाभारताचं युद्ध बघायला निघाला होता, हरणाऱ्या बाजूने लढेन म्हणाला, म्हणून कृष्णाने त्याचं डोकं उडवलं आणि ते इथे येऊन पडलं. आपण बर्बरिकाची गोष्ट सांगतो ती हीच. दाजुंनी मुखवट्यासमोर मान वाकवली तेव्हा ती भैरवाला वाकवली की आजोबाला, हे सांगता आलं नसतं.

दुपारी जेवण त्यांच्या घरी, किलागल टोलात. किलागल हे नाव मला आता कायमचं लक्षात राहील. भाउजूंनी, म्हणजे दाजुंच्या बायकोने, पितळी ताटलीत समय् बजि वाढलं. बजि म्हणजे पोहे. आपल्या कांदेपोह्यांसारखे भिजवलेले नाहीत, कोरडे, कुरकुरीत, तसेच खायचे. भोवती परतलेलं काळं सोयाबीन, आल्याच्या चकत्या, उकडून तळलेलं अंडं, उडदाच्या डाळीची वः, सुकी मासळी, आणि मसाल्यात घोळलेलं म्हशीचं मांस, छोयला. प्रत्येक पदार्थ थोडा थोडा, पण एकही वगळायचा नाही. हे जेवण आधी देवाचं, मग माणसाचं. मी मांस खात नाही हे भाउजूंनी विचारून ठेवलं होतं. माझ्या ताटलीत त्या जागी त्यांनी बटाटा ठेवला. जागा रिकामी सोडली नाही.

जेवताना बाहेर घंटा वाजली आणि मुलांचा गलका झाला. दाजु ताटावरून उठून खिडकीशी गेले. गल्लीतून एक पांढरा हत्ती धावत येत होता.

हा पुलुकिसि. इंद्राचा ऐरावत, हरवलेल्या धन्याला शोधत गल्लोगल्ली धावणारा. पुलु म्हणजे चटई, किसि म्हणजे हत्ती. चटईच्या सांगाड्यावर पांढरं रंगवलेलं कापड, आत दोन माणसं. तो कधी कुठून येईल नेम नाही. गर्दीत घुसतो, शेपटीने सपकारे मारतो, पोरं त्याला डिवचून पळतात. आणि हा हत्ती नाचवण्याचा मान किलागलच्या लोकांचा. बाकी कुणाचा नाही.

‘मी सात वर्षं मागचे पाय होतो,’ दाजु खिडकीतूनच म्हणाले. ‘आतून काही दिसत नाही. पुढच्याच्या कमरेचा पट्टा धरायचा आणि तो वळेल तसं वळायचं. पहिल्या वर्षी गुडघे सोलून निघाले. आई म्हणाली, ऐरावत रडत नसतो.’

या जत्रेत कुणी काय करायचं, हे असं टोलाटोलाने वाटून दिलेलं आहे. माजिपाटहून लाखे येतो, लाल मुखवट्याचा, केसाळ राक्षस. त्याला खोड्या काढून पळवणारा झ्यालिंचा नावाचा पोरगा. लाखे होण्याचा अधिकार रंजितकारांचा, म्हणजे पिढीजात रंगाऱ्यांचा. हलचोकहून निळ्या मुखवट्याचा सवभक्कु भैरव तलवार घेऊन येतो. खांब उभारणं मानंधरांचं, म्हणजे तेल्यांचं. रात्री निघणारा दिव्यांचा सापही त्यांचाच. कुमारीच्या घरासमोर देवळाच्या पायऱ्यांवर विष्णूचे दहा अवतार उभे करतात. कोकणात दशावतार बघत वाढलेल्या माणसाने ते बघायला तरी यावं. प्रत्येकामागे एक गुठी आहे. गुठी म्हणजे मंडळ म्हणावं तर थोडं कमी पडतं. जुन्या राजांनी आणि श्रीमंतांनी देवाच्या नावाने जमिनी लावून दिल्या, त्यांच्या उत्पन्नातून अमुक दिवशी अमुक वाद्य, अमुक मुखवट्याचा रंग, अमुक माणसांचं जेवण भागवायचं. आणि ते पार पाडणारी, बापाकडून मुलाकडे जाणारी माणसं. गुठीचा सदस्य मेला तर त्याचं प्रेतही गुठीच उचलते.

म्हणूनच या गोष्टीला हात लागला की हे शहर रस्त्यावर येतं. २००८ साली राजेशाही गेली, नवं सरकार आलं, आणि पहिल्याच अर्थसंकल्पात जत्रेतल्या बळीचा सरकारी खर्च बंद झाला. ऐन इंद्रजात्रेत नेवारांनी शहर अडवलं. सरकारला माघार घ्यावी लागली. २०१९ मध्ये सगळ्या गुठ्या एका सरकारी प्राधिकरणाच्या ताब्यात देणारं विधेयक आलं. मैतिघरच्या चौकात हजारो लोक जमले, त्यांत ज्यापू शेतकरी होते आणि धिमे ढोल वाजवणाऱ्या मुलीही. विधेयक मागे घेतलं गेलं. दाजु त्या गर्दीत होते. बळीचं काय, असं मी विचारलं. मला बळी बघवत नाही, हे मी त्यांना सांगून टाकलं. ते म्हणाले, ‘मलाही बघवत नाही. पण ते थांबवायचं की नाही हे आम्ही घरात बसून ठरवू. सिंहदरबारातल्या सरकारने नको.’ मला ते पटलं. आमच्या उत्सवांबद्दल पोलीस, न्यायालय आणि पुढारी ठरवतात, मंडळातली माणसं क्वचितच. हेही त्याच वेळी मनात आलं आणि सललं.

तीन वाजायच्या आत मरुला पोचलो. इथे गर्दी सुरू होण्याआधी मला एकाच ठिकाणी जायचं होतं. मरुच्या कोपऱ्यावर अशोकविनायकाचं देऊळ आहे. देऊळ म्हणजे रस्त्याच्या कडेची एक कोठडीच, वर कळससुद्धा नाही. नेपाळचे राजे राज्याभिषेक झाला की आधी इथे येत. मी वाकून आत पाहिलं. शेंदराने झिजून गेलेला दगड, समोर तेवणाऱ्या वाती. घरी यंदा तो नव्हता. इथे मी त्याला लाडू ठेवला आणि बाजूला झाले, मागे रांग होती.

शेजारीच काष्ठमंडप. एकाच झाडाच्या लाकडातून बांधला म्हणतात, आणि शहराचं नाव त्यावरूनच पडलं. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात तो पूर्ण कोसळला. त्या दिवशी शनिवार होता, आत रक्तदानाचं शिबिर चाललं होतं. रक्त द्यायला आलेली काही माणसं तिथेच गेली. या चौकात तेव्हा कितीतरी देवळं भुईसपाट झाली, राजवाड्याचा नऊ मजली मनोरा वरून ढासळला. देशात सुमारे ९ हजार माणसं गेली. त्या साली भाद्रपदात जत्रा झाली का, मी विचारलं. दाजुंनी माझ्याकडे असं पाहिलं की प्रश्नच चुकला. ‘त्याच वर्षी तर व्हायला हवी होती,’ ते म्हणाले. ‘उपाकुची रांग इतकी लांब मी कधी पाहिली नाही. पुढचे परत येऊन मागच्यांना मिळत होते.’

काष्ठमंडप नंतर लोकांनी पुन्हा उभा केला. सिमेंट-लोखंड नको, ठेका नको, आमचे सुतार, आमची वीट, आमची माती, असा हट्ट धरून. आधी खणून पाहिलं तेव्हा पाया जागचा हललाही नव्हता, आणि तो सातव्या शतकापर्यंत मागे जात होता. आज नव्या सालवृक्षाच्या खांबांना हात लावला तर अजून लाकडाचा वास येतो.

चारच्या सुमारास बसंतपूरचा चौक तुडुंब भरला. देवळांच्या जोत्यांच्या पायऱ्यांवर माणसं अशी बसली होती की दगड दिसत नव्हता. भाउजूंनी एका ओळखीच्या बाईला सरकवून मला जागा करून दिली. गद्दी बैठकच्या पांढऱ्या सज्जात राष्ट्रपती आले. पूर्वी तिथे राजा उभा राहायचा. काळ्या पोशाखातली गुरुजुको पलटण जुन्या बंदुका घेऊन उभी राहिली. मग वाद्यं एकदम वाढली आणि कुमारीघराच्या दारातून आधी गणेश निघाला.

आमच्याकडे पुण्यात त्याच घटकेला लक्ष्मी रोडवर मानाचे गणपती विसर्जनाला चालले असतील. इथे गणेश म्हणजे चार-पाच वर्षांचा एक मुलगा, कपाळावर टिळा, डोक्यावर मुकुट, कुणाच्या तरी कडेवर, झोप आलेला. त्याच्यामागे भैरव, तसाच एक मुलगा. दोघांना आपापल्या रथात बसवलं. आणि मग ती.

कुमारीचा पाय जमिनीला लागू देत नाहीत. लाल वस्त्र, उंच बांधलेला अंबाडा, डोळ्यांतलं काजळ कानशिलापर्यंत ओढलेलं, कपाळभर लाल रंग आणि त्यात मध्यावर रेखलेला तिसरा डोळा. शाक्य घराण्यातली, म्हणजे बौद्ध घरातली मुलगी. आणि अंगात येते ती तलेजु, मल्ल राजांची कुलदेवी. ही देवी मिथिलेकडच्या सिम्रौनगढच्या कर्णाट वंशाने आणली असं परंपरा सांगते, आणि तो वंश मूळ दक्षिणेचा, कर्नाटकातला. तलेजु या नावात काही अभ्यासकांना तुळजा ऐकू येते. मी अभ्यासक नाही, पण तुळजापूरच्या पायऱ्या उतरलेल्या माणसाला ते नाव ऐकताना थबकायला होतं, एवढं खरं. दंतकथा अशी, की तलेजु राजाबरोबर फासे खेळायला येई. एके रात्री राजाच्या नजरेत वासना आली, देवी अंतर्धान पावली आणि म्हणाली, आता मला पाहायचं तर एका लहान मुलीत पाहा.

रथाची यात्रा जयप्रकाश मल्लाने १७५६ मध्ये सुरू केली, पुढच्या वर्षी कुमारीचं घर बांधलं. आणि बारा वर्षांनी, १७६८ साली, याच उत्सवात शहर गाफील असताना गोरखाचा पृथ्वीनारायण शाह सैन्यासह आत शिरला. जयप्रकाश पाटणला पळाला. जिंकणाऱ्याने जत्रा थांबवली नाही. तो कुमारीसमोर गेला, प्रसाद घेतला, आणि रथ ठरल्या वाटेने निघाला. एका राजाने रथ जुंपला, दुसऱ्याने ओढवला, आणि आता राजाच नाही.

ती मुलगी हसत नव्हती. हसायचं नसतं. पहिल्यांदा विटाळशी होईपर्यंत ती देवी राहील, मग एका दिवशी पुन्हा मुलगी होऊन घरी जाईल. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं की कुमारीचं शिक्षण आणि बाकीचे हक्क कुठल्याही परंपरेने अडवता येत नाहीत; आता तिला शिकवायला शिक्षक घरी येतात. तरी त्या चिमुकल्या, स्थिर चेहऱ्याकडे पाहताना मला कसंसं झालं, आणि ते मी लपवणार नाही. शेजारच्या बाईने तिच्याकडे बघून हात जोडले, डोळ्यांना पाणी आलं. मीही जोडले. कुणाला जोडले हे त्या क्षणी मी स्वतःला विचारलं नाही.

‘होस्टे’ म्हणून एकाने हाळी दिली, शंभर गळ्यांतून ‘हैंसे’ उठलं आणि रथाचं लाकूड करकरलं. गणेशाचा पुढे, मग भैरवाचा, मग कुमारीचा. चतुर्दशीला रथ दक्षिणेच्या, म्हणजे खालच्या शहरात फिरतात: चिकंमुगल, जैसीदेवल, लगन, ह्युमत, भीमसेनस्थान, आणि परत मरु. दुसऱ्या दिवशी वरचं शहर. शेवटच्या दिवशीचा रथ हल्ली बायका ओढतात. जैसीदेवलच्या वळणावर चाक अडलं तेव्हा वरच्या मजल्यांतून लोक सूचना करू लागले, अगदी आपल्याकडच्यासारखे, आणि प्रत्येकाची सूचना वेगळी.

अंधार पडला तेव्हा हनुमान ढोक्याशी श्वेतभैरवासमोर हाणामारी म्हणावी अशी रेटारेटी चालली होती. सोन्याचा मुलामा दिलेला हा अक्राळविक्राळ चेहरा रणबहादुर शाहाने अठराव्या शतकाच्या अखेरीस बसवला. वर्षभर तो लाकडी जाळीमागे बंद असतो, या दिवसांतच उघडतात. त्याच्या तोंडातून नळी काढलेली, तिच्यातून तांदळाची पांढरी दारू, थों, धार लावून पडते. खाली डझनावारी तरुण तोंडं उघडून. त्या धारेतून एखादा जिवंत मासाही येतो. तो ज्याच्या तोंडात पडेल त्याचं वर्ष भाग्याचं. कुणाला मिळाला की नाही, दिसलं नाही. पण भिजलेला एक मुलगा ओरडत बाहेर पडला आणि त्याला चार जणांनी खांद्यावर घेतलं.

रात्री पुण्याला भावाला फोन लावला. त्याच्या मागे ढोल होते, माझ्या मागे धिमे. दोघांनाही एकमेकांचं नीट ऐकू येत नव्हतं. ‘अंगणात सडा पडलाय गं,’ एवढं मात्र कळलं.

माझं परतीचं विमान पौर्णिमेच्या सकाळचं होतं. ते मी बदलून घेतलं.

पौर्णिमेला रथ वरच्या शहरातून फिरून आले, कुमारी घरात गेली, चौकातली गर्दी पांगली, आणि तेव्हा कुठे मरुच्या बोळातून दागिं निघाली. इंद्राची आई. एक माणूस तिचा मुखवटा लावून, पुढे थोडी वाद्यं. दिव्यांचा साप, बौंमत, त्याच रात्री निघतो. बोरूच्या लांब अंगावर ओळीने पणत्या. पण बघणारे फारसे नव्हते. दागिंच्या मागे चालणारेच जास्त होते. तीच रांग, द्वादशीची. त्या दिवशी यांनी पणत्या ठेवल्या होत्या. आज ते आपल्या माणसाला पोचवायला निघाले होते. काही जण रात्रीच पुढे इंद्रदहाच्या तळ्यापर्यंत जातात, शहराच्या पश्चिमेला डोंगरावर, आणि पहाटे तिथे अंघोळ करतात.

उद्यापासून आमच्याकडे पितृपक्ष. तेव्हा गेलेल्यांना आपण घरी बोलावतो, पान वाढतो. इथे आदल्या रात्री त्यांना निरोप.

मी कडेला उभी होते. दाजु माझ्याजवळ होते पण रांगेत शिरले नाहीत. ‘यंदा माझं कुणी नाही,’ ते म्हणाले. ‘मी इथेच थांबतो. तुम्ही जा.’

मी दोन पावलं पुढे झाले. एक म्हातारी, पांढऱ्या साडीवर लोकरी शाल, चालता चालता थांबली. तिने नेवारीत काही विचारलं. मला कळलं नाही, तर नेपाळीत विचारलं, ‘को हो, नानी?’ कोण गं, बाळ?

‘आमा,’ मी म्हटलं.

तिने आपल्या हातातल्या जुडीतली एक उदबत्ती काढली, स्वतःच्या पेटत्या उदबत्तीवर धरून लावली आणि माझ्या हातात दिली. मग माझा दंड धरून मला आपल्या पुढे घातलं. मरुहिटी आलं तेव्हा रांग जरा मंदावली. पुढे मुखवटा डावीकडे वळला होता.